वस्तीची कैफियत मुलांच्या तोंडून

(धाराशिव जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाची माहिती कोणाजवळ असते, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण ग्रामपंचायतीच्या दप्तराकडे बोट दाखवतील. काही जण तलाठ्याचे नाव घेतील, तर काही गावातील वृद्धांचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे नाव सहसा कोणी घेणार नाही. वास्तविक नळाला पाणी किती वाजता येते, कोणत्या बोळात दिवा नाही, शाळेच्या वाटेवर मुली कोणत्या ठिकाणी पावले भरभर उचलतात, कोणाच्या घरी रात्री भांडण होते, हे या वयाच्या मुलांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. ही माहिती त्यांनी स्वतः गोळा करावी, पडताळून पाहावी आणि नाटकाच्या रूपाने वडीलधाऱ्यांसमोर मांडावी, असे प्रयोग महाराष्ट्रात व अन्य देशांत झाले आहेत. धाराशिव जिल्ह्यात अशा कार्यास कितपत वाव आहे आणि त्यात कोणती जोखीम आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१८५५ चे वर्ष

हा विचार बाहेरून आलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे नाडल्या जाणाऱ्या एका शेतकरी जोडप्याची कथा त्यात आहे. राजे-राण्यांना बाजूस सारून रोजच्या जगण्यातील फसवणूक त्यांनी रंगभूमीसाठी मांडली. दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलेले हे नाटक त्या काळी उपेक्षितच राहिले.

त्याच वर्षी, म्हणजे १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या समाजाची अवस्था तिने कोणा विद्वानाकडून ऐकून लिहिली नव्हती. ती तिने पाहिलेली व भोगलेली होती. आपल्या वस्तीचे जीवन शब्दांत नोंदविणारी किशोरवयीन मुलगी मराठीत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिला अक्षरओळख होऊन फार काळ लोटला नव्हता. तरीही तिला काय सांगावयाचे आहे हे ठाऊक होते, आणि ते सांगण्याची मोकळीक देणारी शाळा तिला लाभली होती. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच असे लेखन जन्मास येते.

पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हाच धागा पुढे नेला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावातील व चाळीतील जीवन लोकनाट्यातून उभे केले. ज्याचे दुःख त्यानेच ते मांडावे, हे सूत्र या सर्व प्रयत्नांत समान आहे.

ठाण्यातील रंगमंच

अलीकडच्या काळातील उदाहरण ठाणे शहरातील आहे. नाटककार रत्नाकर मतकरी यांचे नाव बालरंगभूमीच्या रसिकांस अपरिचित नाही. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ या त्यांच्या बालनाट्यांनी अनेक पिढ्यांचे मनोरंजन केले, तर १९७८ च्या ‘लोककथा ७८’ या नाटकाने खेड्यातील जातीय अत्याचाराचे भेदक दर्शन घडविले. याच मतकरींनी २०१४ साली, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम ठाण्यात सुरू केला.

ठाण्याच्या झोपडपट्ट्यांत राहणारी किशोरवयीन मुले-मुली या उपक्रमात एकत्र आली. तयार संहिता पाठ करून घेण्याचा मार्ग येथे टाळण्यात आला. मुलांनी आपल्या जगण्यातील विषय आपणच निवडावा, त्यावर बोलावे, त्यातून प्रसंग बांधावा आणि लहानशी नाटिका उभी करावी, अशी ही पद्धती होती. रंगभूमीवरील जाणकार मंडळींचे मार्गदर्शन मुलांना मिळाले. परंतु नाटिकेचा आशय मुलांचाच राहिला. दि. १७ मे २०२० रोजी मतकरींचे निधन झाले. मुलांना राक्षस-चेटकिणींच्या अद्भुत जगात नेणारा हा लेखक आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात मुलांच्या प्रत्यक्ष जगाकडे वळला, आणि त्या जगाचे लेखक म्हणून त्याने मुलांनाच पुढे केले. या उपक्रमाचे मर्म यातच आहे.

मुंबईतील ‘पुकार’ या संस्थेचे कार्य याच्या शेजारचे म्हणता येईल. तेथे मार्ग नाटकाचा नाही, संशोधनाचा आहे. तरुणांचे गट आपापल्या वस्तीतील एक विषय निवडतात आणि वर्षभर त्याचा अभ्यास करतात. संशोधन हा केवळ विद्यापीठातील पदवीधरांचा अधिकार नसून तो प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे, ही भूमिका संस्थेचे एक संस्थापक व मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी मांडली आहे. ठाण्याचे नाटक आणि मुंबईचे संशोधन या दोहोंची सांगड घातली, तर जिल्ह्यासाठी एक उत्तम नमुना हाती येतो.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात शासनाने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी १९३५ साली ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू केले. त्यातून ‘जिवंत वृत्तपत्र’ नावाचा नाट्यप्रकार विकसित झाला. शहरांतील गलिच्छ वस्त्यांच्या प्रश्नावरील ‘वन-थर्ड ऑफ ए नेशन’ हे नाटक १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे रंगभूमीवर आले. त्यात घरभाडी, आगी, रोगराई यांची कागदोपत्री माहिती पात्रांच्या तोंडी आली होती. शासनाच्या पैशाने शासनाला अडचणीचे प्रश्न विचारले जात होते. अखेर १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या योजनेचा निधी थांबविला. सत्य ऐकण्याची तयारी नसेल, तर अशा उपक्रमांचा शेवट कसा होतो, हेही यावरून दिसून येते.

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात दिग्दर्शक पीटर चीझमन यांनी स्थानिक विषयांवर माहितीपर नाटके बसविली. बंद पडू पाहणाऱ्या पोलाद कारखान्यावरील त्यांचे नाटक १९७४ सालचे आहे. त्यासाठी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. मूळ साधनांतून आलेलाच मजकूर वापरावयाचा, हा दंडक चीझमन यांनी पाळला. या दंडकामुळे नाटकास साक्षीचे मोल प्राप्त झाले.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण ब्राझीलमधील आहे. नाटककार ऑगस्टो बोआल यांच्या नाट्यपद्धतीत प्रेक्षक नुसता बसून राहत नाही. अन्यायाचा प्रसंग एकदा दाखविला जातो; दुसऱ्या वेळी प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घ्यावयाची आणि ‘येथे असे करून पाहू’ म्हणून नवा मार्ग दाखवावयाचा. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ द जानेरो शहराच्या नगरपरिषदेचे सदस्य होते. त्या काळात त्यांनी वस्त्यावस्त्यांतून असे प्रयोग केले आणि त्यांतून पुढे आलेल्या सूचना सभागृहात नेल्या. त्यांपैकी तेरा सूचनांना कायद्याचे रूप मिळाले. सभागृहातील सदस्य आणि मोकळ्या मैदानातील नाटक यांचा असा थेट संबंध जोडता येतो, हे बोआल यांनी सिद्ध केले.

धाराशिवची सामग्री

पूर्वी उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून धाराशिव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यास नाट्याचे वावडे कधीच नव्हते. तुळजाभवानीच्या नावाने होणाऱ्या गोंधळात संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नायक आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच प्रश्न विचारून श्रोत्यांच्या मनातील शंका बोलून दाखवितो. हे नाट्यच होय. एप्रिल २०१७ मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच शहरात भरले, आणि जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे साहित्य संमेलनही येथेच पार पडले. संमेलनाचे मंडप उठतात. पाठीमागे काय राहते, याचे उत्तर शाळांनी व गावांनी द्यावयाचे असते.

विषयांची उणीव जिल्ह्यात नाही. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सुमारे ८,००० माणसे दगावली. किल्लारीप्रमाणेच सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार, हेच घर झोपलेल्या माणसांवर कोसळले. दोन्ही जिल्ह्यांतील मिळून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आज त्या गावांत शाळेत जाणारी मुले भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली आहेत. आखीव रस्ते आणि ओळीने बांधलेली घरे एवढेच त्यांचे गाव. जुन्या गावात कोणाचा वाडा कोठे होता, पार कोठे होता, वेस कोठे होती, एका गल्लीत राहणारी कुटुंबे नव्या गावात कशी विखुरली, हे सांगणारी पिढी हळूहळू मावळत आहे. आजी-आजोबांना विचारून जुन्या गावाचा नकाशा काढणे, आणि त्यावरून ‘दोन गावे’ उभी करणारे नाटक बसविणे, याहून निकडीचे काम दुसरे कोणते असू शकेल?

लोकांनी आपल्या गावाची माहिती आपण गोळा करावी, हा अनुभवही या जिल्ह्यास आहे. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घरोघर जाऊन माहिती घेणे, शासनाची योजना समजावून सांगणे व लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचविणे, ही कामे त्यांनी केली. ज्या महिलांना पूर्वी चावडीवर बसण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नोंदी अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेल्या. जे त्या महिलांना साधले, ते त्यांच्या नातवंडांस का साधू नये?

दुसरा विषय स्थलांतराचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल, जोडप्यास मिळणारे ‘कोयता’ हे नाव, फडाजवळच्या कोपीतील संसार, हे मुलांनी जवळून पाहिलेले असते. काही मुले आईबापांबरोबर जातात, तर काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. वर्गातील रिकाम्या बाकांची ही कथा मुलांनीच सांगितली, तर हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणेमागील माणूस दिसू लागेल. याशिवाय वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या तुळजापुरातील गल्ल्या, धाराशिव शहरातील जुन्या वस्त्या, तेरणाकाठची गावे आणि उन्हाळ्यातील टँकरची रांग, असे विषय जागोजागी आहेत.

कार्याची पद्धती

आठवी ते दहावीच्या दहा-बारा मुलामुलींचा एक गट पुरेसा आहे. मुली निम्म्या तरी असाव्यात, आणि गावातील सर्व वस्त्यांतील मुले त्यात असावीत. केवळ गावठाणातील मुलांनी नाटक केले, तर वेशीबाहेरची वस्ती पुन्हा वेशीबाहेरच राहील.

पहिले दोन आठवडे मुलांनी पायी फिरून वस्तीचा नकाशा काढावा. त्यात घरे, नळ, हातपंप, दिव्याचे खांब, गटार, अंगणवाडी, दारूचे दुकान व भीती वाटणाऱ्या जागाही दाखवाव्यात. नंतर एक विषय निवडावा. एकच विषय असावा. कारण सर्वच सांगू पाहणारे नाटक काहीच सांगत नाही. त्या विषयावर किमान तीन प्रकारच्या माणसांना विचारावे: ज्यास त्रास होतो तो, ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो, आणि ज्यास जुनी स्थिती आठवते तो. जे मोजता येईल ते मोजावे. ‘पाणी फार उशिरा येते’ असे म्हणण्यापेक्षा पंधरा दिवस घड्याळ लावून नोंद ठेवावी. एका माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय वहीत पक्की करू नये.

त्यानंतर प्रसंग बांधावेत. मुलांनी उभे राहून बोलावे, आणि जे बोलणे जिवंत वाटेल ते लिहून घ्यावे. भाषा घरची असावी. ‘कुठं चाललास?’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी पुस्तकी वाक्य घातले की नाटक तेथेच मरते. पडदे, रंगभूषा, ध्वनिक्षेपक यांवाचून काही अडत नाही. शाळेचे पटांगण, मंदिराचा सभामंडप किंवा पाराची जागा, एक हलगी आणि अर्धा तास एवढे पुरे आहे. उपक्रमास स्पर्धेचे रूप देण्याचा मोह टाळावा. बक्षिसाची आशा निर्माण झाली की परीक्षकास काय आवडेल याकडे लक्ष लागते, आणि गावास काय सांगावयाचे ते मागे पडते.

शिक्षकाचे काम येथे कठीण आहे, कारण ते स्वतःस आवरण्याचे आहे. शेवटी बोधवाक्य घालावे, शासनाच्या योजनेचे नाव घालावे, गावाची बदनामी होईल तो प्रसंग काढावा, असे पदोपदी वाटेल. चूक माहिती काढून टाकणे हा शिक्षकाचा अधिकार आहे. खरी पण गैरसोयीची माहिती काढून टाकणे हा नाही.

जोखीम व जबाबदारी

या कार्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. समजा, एखाद्या गावातील मुलींनी नाटकात दाखविले की, नववीतील एक मैत्रीण दिवाळीनंतर वर्गात दिसली नाही. तिचे लग्न ठरले आहे. प्रयोगास तिचे आईवडील समोर बसले आहेत. सारे गाव त्यांच्याकडे वळून पाहते. नाटक खरे आहे. पण त्या रात्री त्या मुलीच्या घरी काय होईल? आणि नाटकात काम करणाऱ्या मुलींना उद्या कोण जाब विचारील?

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत. कोणत्याही व्यक्तीचे वा कुटुंबाचे नाव, व्यवसाय, घराची खूण नाटकात येता कामा नये. तीन-चार घटनांतून एक प्रसंग घडवावा. ज्याची हकिकत घेतली त्याची संमती घ्यावी, आणि प्रयोगापूर्वी त्यास तो प्रसंग दाखवावा. कोणत्याही मुलावर स्वतःच्या घरातील दुःख रंगमंचावर सांगण्याची सक्ती होऊ नये. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी मुलाची जखम उघडी करणे हा अपराध होय.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काही माहिती नाटकासाठी नसतेच. माहिती गोळा करताना ठरलेला बालविवाह किंवा बालकावरील अत्याचार उघडकीस आला, तर प्रयोगाच्या तारखेची वाट पाहणे गैर आहे. विवाहासाठी मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे कर्तव्य ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, सोपविलेले आहे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळविणे २०१२ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. असे प्रकरण शिक्षकाने तत्काळ व गुप्तपणे योग्य ठिकाणी न्यावे. मुलांना धैर्य शिकवावयाचे आणि आपण मात्र गप्प बसावयाचे, हे शोभणारे नाही.

प्रयोगानंतर काय?

पंचायतीची खरी भूमिका नाटक संपल्यावर सुरू होते. टाळ्या, नारळ आणि छायाचित्र यांवर कार्यक्रम आटोपला, तर मुले एकच धडा शिकतील, की मोठी माणसे ऐकतात आणि विसरतात. हा धडा एकदा मनात रुजला की पुढे तीच मुले मतदार झाल्यावर ग्रामसभेकडे फिरकत नाहीत, आणि मग ग्रामसभेस गणसंख्या का होत नाही याचे आपणास नवल वाटते.

याकरिता प्रयोगानंतर लगेच अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवावा. सरपंच व सदस्यांनी समोर बसून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मुलांचा नकाशा व नोंदींची वही पंचायतीने पोच देऊन स्वीकारावी आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांमध्ये ‘बालस्नेही गाव’ ही एक संकल्पना आहे. मुलांच्या नोंदींस आराखड्यात स्थान देण्यास त्यामुळे आधार मिळतो. एखादी मागणी पूर्ण करणे शक्य नसेल, तर ते का शक्य नाही हे मुलांना लेखी कळवावे. कारणासह दिलेल्या नकाराने विश्वास तुटत नाही. तो मौनाने तुटतो. सहा महिन्यांनी त्याच पटांगणात त्याच मुलांनी ‘काय झाले, काय राहिले’ एवढाच छोटा प्रयोग करावा.

अर्थात, नाटकाने नळाला पाणी येत नाही आणि रस्ताही होत नाही. ती कामे निधीने, मोजमापाने व पाठपुराव्यानेच होतात. परंतु कोणते काम आधी करावयाचे, हे ठरविताना आजवर ज्यांचा आवाज ऐकू येत नव्हता तो ऐकू येतो, हे या उपक्रमाचे फलित आहे.

याच जिल्ह्यातील तेर येथील संत गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे पाहण्यास मुक्ताबाईने त्यांना सांगितले. गोरोबांनी थापटणे हाती घेतले व एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. इतरांनी ते निमूटपणे सोसले. नामदेव मात्र रागावले, आणि कच्चे ठरले. पण कथा तेथे संपत नाही. कच्चे ठरलेल्या नामदेवांनी पुढे गुरू केला, आणि ते पक्के झाले.

मुलांच्या हाती नाटकाचे थापटणे दिले, तर ते कधीतरी पंचायतीच्या, शाळेच्या आणि घरच्याही मस्तकावर बसणार, हे गृहीत धरूनच हे कार्य हाती घ्यावे लागेल. त्या वेळी राग येणे स्वाभाविक आहे. राग ओसरल्यावर त्या आवाजातून काय कळले, याचा शांतपणे विचार करणारे गाव मात्र उद्या पक्के झाल्यावाचून राहणार नाही.